बाईत लावलेलं अभिनंदन

माणसाचं अंतःकरण त्याच्या अक्षरात उतरतं. शिरोरेषा किंचित चढती ठेवणारं, वेलांट्यांना मोकळं सोडणारं, उकाराची शेपटी हलकेच उचलून घेणारं वळण ज्या हाताला लाभलं, त्या हाताचं सुखदुःख काळालाही पुसता येत नाही, असं सत्यशीलाबाई मेश्राम दर जूनमध्ये सातवीच्या मुलींना सांगत. प्रत्यक्षात त्यांच्या स्वतःच्या अक्षरात गेल्या एकवीस वर्षांत जे उतरलं ते असं: सेवानिवृत्त झालेल्या बऱ्याच गृहस्थांची मानपत्रं, अर्ध्या चंद्रपूरच्या लग्नपत्रिका, एका दंतवैद्याची पाटी आणि शाळेच्या विहिरीवरचं 'येथे भांडी घासू नयेत'. विहिरीवर भांडी घासणं थांबलेलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा आटोपून त्या गोंडपिपरीच्या एसटीने चंद्रपुरात उतरल्या आणि जटपुरा गेटाजवळच्या भिंतीपाशी थांबल्या. थांबायचं कारण नव्हतं. ऊन असं होतं की सावलीतला कुत्राही जागा बदलायचा कंटाळा करत होता, आणि वाऱ्याबरोबर येणारी कोळशाची पूड पदराच्या काठावर बसत होती. भिंतीवर एक ताजं भित्तिपत्रक होतं, गुलाबी कागदाचं, कडेची खळ अजून ओली. त्यावर त्यांचं अक्षर होतं. 'मा. श्री. हरिश्चंद्र बोरकुटे सर यांची मुख्याध्यापकपदी निवड झाल्याबद्दल त्रिवार अभिनंदन! समस्त शिक्षकवृंद.' बाईंच्या मनात पहिला विचार आला तो हा, की 'त्रिवार'मधला त्र चांगला साधला आहे. दुसरा विचार आला की शिक्षकवृंदातल्या वृला जरा जास्त जागा द्यायला हवी होती. मजकूर त्यांच्यापर्यंत तिसऱ्या खेपेला पोचला, आणि पोचला तेव्हा पायाखालून काही सरकलं बिरकलं नाही. नुसती जीभ कोरडी पडली आणि हातातली पिशवी एकाएकी जड झाली. मुख्याध्यापकाची जागा त्यांची होती. जुने मुख्याध्यापक दिवाळीनंतर निवृत्त झाले तेव्हापासून होती. सेवाज्येष्ठता त्यांची, एम.ए. त्यांचं, बी.एड. त्यांचं, अर्जही त्यांचा. बोरकुटे त्यांच्याहून नऊ वर्षांनी मागचा, संस्थेचे सचिव गुणवंतराव यांचा भाचा. आणि ही बातमी त्यांना कुणी दुसऱ्याने सांगितली नव्हती. त्यांनी स्वतःच, स्वतःच्या हाताने, भर चौकात स्वतःला कळवली होती.

हे आपण कधी लिहिलं, हे त्या आठवू लागल्या. माणूस खोटं बोलतो, पण अक्षर समोर असलं की आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो. त्यांची माय केसरबाई शेवटच्या वर्षात जेवल्यावर पुन्हा ताट मागायची आणि ताट दाखवलं की म्हणायची, हे कोण जेवलं? तसंच काही आपल्यात सुरू झालं की काय, अशी एक थंड सुई उन्हातही पाठीतून गेली. एखाद्या दुपारी कुणीतरी पुढे कागद ठेवला असेल आणि आपण सवयीने, मजकुरात न शिरता, फक्त गोलाई सांभाळत लिहून दिलं असेल. असं होऊ शकतं. असं कित्येकदा झालंही होतं. कोण मेलं हे न कळता त्यांनी श्रद्धांजल्या लिहिल्या होत्या. त्या भिंतीच्या अगदी जवळ गेल्या, नाक लागेल इतक्या. मग त्यांना ते 'न' दिसले. 'निवड'मधला एक, 'अभिनंदन'मधले दोन. तिन्ही अगदी सारखे. तिघांच्याही गाठीला डावीकडे तोच बारीक फुगवटा, तिघांच्याही दंडाला तळाशी तीच किंचित थरथर. हाताने लिहिलेले न असे नसतात. पहिला न जरा सांभाळून येतो, दुसरा त्याच्याकडे बघून येतो, तिसऱ्यापर्यंत हाताला कंटाळा आलेला असतो किंवा उत्साह तरी. इथे तीन न म्हणजे एकाच मेलेल्या माणसाचे तीन फोटो. आणि शिरोरेषेत प्रत्येक अक्षरामागे केसाएवढी फट होती. बाईंनी श्वास सोडला. वेड लागलेलं नव्हतं. हे बाईत लावलेलं होतं.

'बाई' हे छपाईतल्या एका टाइपाचं नाव आहे, हे चंद्रपूरबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. दोन वर्षांपूर्वी, जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला त्या सुमाराला, नव्या जिल्ह्यामुळे सत्कारांचं पीक आलं होतं, आणि छापखान्याचे नानाजी एके दिवशी गुळगुळीत कागदाचे ताव आणि काळ्या शाईची बाटली घेऊन बाईंकडे आले होते. बाराखडी लिहून द्या, जोडाक्षरं लिहून द्या, म्हणजे दर पत्रिकेला तुम्हाला त्रास द्यायला नको. बाईंनी मे महिन्याची सुटी त्यात घातली. प्रत्येक अक्षर असं काढलं, की ते एकटं राहिलं तरी त्याला एकटं वाटू नये. नानाजींनी नागपूरहून त्याचे जस्ताचे ठसे करून आणले, लाकडी ठोकळ्यांवर बसवले, आणि तेव्हापासून त्यांच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारला जाऊ लागला: बाईत लावू का साध्यात? लग्नाचं बाईतच लागे. बारशाचं बाईत. तेरवीचं साध्यात, पण मेलेला माणूस पैसेवाला असला तर बाईत. पुढे पुढे खोबरेल तेलाची चिठ्ठी, उदबत्तीचा पुडा, सर्कशीचं पत्रकही बाईत लागू लागलं. सर्कशीत वाघ आहेत हे बाईंना स्वतःच्याच अक्षरात कळलं होतं, आणि तेव्हा त्यांना हसू आलं होतं.

छापखान्यात शिरल्या तेव्हा नानाजी बनियनवर बसून पंख्याला शिव्या घालत होते. बाईंना बघून उठले, सदरा शोधू लागले.

"अवं बाई, या ना जी. बसा. पाह्यलं का भिंतीवर? कसं उठलं हाये! गुलाबी कागदावर बाई लय खुलते."

"नानाजी, हे मी लिहिलेलं नाही."

"तुमी काऊन लिहान? तुमाले तरास नको म्हणून तं ठसे बनवले."

"पण लोक समजतील मीच लिहिलं."

"समजू द्या ना. चांगलंच तं लिवलं हाये. शिवी थोडीच देल्ली कोनाले?"

"ती जागा माझी होती," सत्यशीलाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होत्या आणि ते त्यांना एखाद्या परक्या बाईच्या तोंडचं वाटलं.

नानाजींचा सदऱ्यात अर्धा गेलेला हात थांबला. "आता हे मले कसं माईत असन? गुणवंतरावचा मानूस आला, म्हणे बाईतच पाह्यजे, साध्यात नाई चालत. मी म्हनलं बाईले माईत हाये ना? तो म्हणे, बाईनंच सांगतलं असं समजा. मी समजलो."

"असं कसं समजलात?"

"बाई, मी दिवसभर समजूनच राह्यलो. नवरदेव बी.ए. हाये म्हनते, मी समजतो. पुढारी लोकप्रिय हाये म्हनते, मी समजतो. समजलो नाई तं छापू काय?"

"अक्षर माझं आहे, नानाजी."

"अक्षर तुमचंच हाये, कोन नाई म्हनते? ठसे माहे हाये." आणि मग त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माठातलं पाणी स्वतः बुडवून आणून दिलं. पाण्याला शाईचा वास होता. बाई ते सगळं प्यायल्या. मागे कुणीतरी बाईच्या खणातून अक्षरं वेचत होतं, त्याचा टकटक आवाज येत होता, आणि पेला खाली ठेवताना बाईंना आपल्याच बोटांचे सांधे कुणी मोजतंय असं वाटलं.

तिथून मंडळाच्या कचेरीपर्यंतचा रस्ता त्या चालत गेल्या. मंडळ म्हणजे वैनगंगा-इरई शिक्षण प्रसारक मंडळ. त्याच्या शाळा दोन्ही जिल्ह्यांत, आणि प्रसार मुख्यतः सचिव गुणवंतरावांच्या नात्यात. चालताना बाईंना बोरूची लव आठवत होती. त्यांचा बाप, श्रावण नाव त्याचं, हंगामात वैनगंगेपलीकडच्या जंगलात कुपांवर, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्यांवर, बांबू तोडायला जायचा, कागदाच्या कारखान्यासाठी. परत येताना कमरेला बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या बांधून आणायचा. त्यांच्यावरची लव बाहीत शिरून आठवडाभर खाजवायची. उंबऱ्यावर बसून तो कोयत्यानेच त्यांना टोक काढायचा, तिरपं, आणि लहानग्या सत्यशीलेपुढे कित्ता टाकायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. तो चार पावलं मागे सरून, डोळे बारीक करून पाटीकडे बघायचा आणि म्हणायचा, "सत्ये, हे वेलांटी लंगडून राह्यली." पुन्हा काढायची. "आता चालली." छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याने घरातले देव इरई नदीत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात तिची दौत ठेवली. त्याचा हिशेब साधा होता. आपल्या माणसाचा कागद साहेबलोक का फेकतात? घाण दिसतो म्हणून. कागदच असा करायचा की फेकायला हात उचलणार नाही. या हिशेबात चूक नव्हती. बाईंचा एकही कागद आजवर कुणी फेकला नव्हता. मॅट्रिकच्या वर्गात तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांची वही उचलून धरली होती आणि प्रसन्न होऊन म्हटलं होतं, "हे अक्षर तर आपल्यातलं दिसतं." मास्तरांनी आडनाव सांगितलं. साहेब म्हणाले, "असं का, वा वा," आणि वही इतक्या जपून खाली ठेवली, जशी एखादी वस्तू आपण दुकानात किंमत ऐकल्यावर ठेवतो.

गुणवंतराव खुर्चीतून उठले. शिक्षिकेसाठी ते सहसा उठत नसत, म्हणून बाईंना त्या उठण्याचीच भीती वाटली.

"या बाई, या. शंभर वर्षं आयुष्य हाये तुम्हाला, आत्ताच विषय काढला होता. मन असावं तर असं! मी कमिटीत म्हटलं, दुसरी एखादी असती तर कोर्टात गेली असती. बाईंनी काय केलं? आपल्या हातानं अभिनंदन लिहिलं."

"मी लिहिलेलं नाही, भाऊसाहेब. ते छापलेलं आहे. नानाजींकडच्या ठशांनी."

"छापलेलंच हाये ना. हातानं किती लिहाल?"

"मला म्हणायचंय, माझी संमती नाही. माझा अर्ज आहे. जागा ज्येष्ठतेनं माझी होते."

"होते ना," गुणवंतराव मोठ्या मनाने म्हणाले. "कोण नाही म्हणतं? म्हणून तर नियमात ठेवलंय, की ज्येष्ठानं स्वहस्ताक्षरात ना-हरकत दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही नियम सोडून गेलो का? हे पाहा." त्यांनी फाईल उघडली. घडी घालून लहान केलेलं गुलाबी भित्तिपत्रक तिथे दोरीने ओवलेलं होतं, छिद्र नेमकं 'सर'च्या डोक्यातून गेलेलं, आणि समासात लाल शाईत लिहिलं होतं: श्रीमती मेश्राम यांची स्वहस्ताक्षरातील अनुमती, अभिनंदनासह.

बाईंनी फाईल आपल्याकडे ओढली. आवाज चढवायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर हातासारखंच गळ्यालाही शिकवलं होतं. त्या समजावून सांगू लागल्या, सातवीच्या मुलींना सांगतात तसं. हे तीन न बघा. हाताने लिहिलेले तीन न असे हुबेहूब येत नाहीत. हाताला थकवा असतो. इथे फटी बघा. हे माझं वळण आहे, माझं लिहिणं नाही. गुणवंतरावांनी चष्मा लावला आणि मनापासून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "खरंच हो! तिन्ही न एकसारखे. कमाल आहे, बाई. हेच तर तुमचं कसब." आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "हरिश्चंद्र, इकडे या जरा. हे पाहा काय सांगून राह्यल्या बाई. तिन्ही न पाहा."

बोरकुटे आला. नवा पांढरा सदरा, कपाळावर घाम, हातात सरबताचा पेला. तो चांगला पोरगा होता, हीच पंचाईत होती. त्याने पेला टेबलावर ठेवला आणि बाई मागे सरायच्या आत त्यांच्या पायाला हात लावला. "मले वाटलं होतं तुमी नाराज असान. खरं सांगतो, दोन दिवस जेवन गोड लागलं नाई. मंग हे पाह्यलं. तुमच्या अक्षरात माहं नाव! माय म्हणे, आता कोनाले भ्यायचं काम नाई. एक पत्रक घरी नेलं, काच बसवाले देल्लं हाये." त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. बाईंना त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या मायला धीर आला याचं बरंही वाटलं.

"एक कागद द्या," त्या म्हणाल्या.

कागद मिळाला. तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर त्यांनी हरकत लिहिली. मी अभिनंदन केलेलं नाही, मी हक्क सोडलेला नाही, माझ्या वळणाचे ठसे माझ्या संमतीवाचून वापरले आहेत, निवड रद्द करावी. त्यांना वाटलं होतं राग बोटांत उतरेल, टाक अडेल, कागद फाटेल. तसं काही झालं नाही. राग शिरोरेषेत गेला आणि ती नेहमीपेक्षा ताठ, नेहमीपेक्षा सुंदर आली. 'रद्द'मधला द्द त्यांना आयुष्यात इतका चांगला कधी साधला नव्हता. गुणवंतरावांनी कागद घेतला, हातभर लांब धरला. त्यांची नजर ओळींवरून फिरली, मांजराच्या पाठीवरून हात फिरावा तशी, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि शेवटी शेपटीवर जराशी थांबली. "वा," ते म्हणाले. "याला म्हणतात अक्षर." आणि कागद बोरकुटेच्या हातात देत म्हणाले, "हे नेऊन पोरींना कित्ता म्हणून द्या. वर्गात लावा." बोरकुटेने तो दोन्ही हातांनी घेतला. त्यानेही तो पाहिला. त्यानेही तो वाचला नाही. बाईंनी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला आणि बाहेर पडल्या, मागून गुणवंतराव म्हणाले ते ऐकू आलं, "उन्हाचं हाये, दुसरं काही नाही."

बसस्टँडवर बायकांच्या बाकावर त्या बसल्या. पंखा होता, वीज नव्हती. मांडीवर हरकतीचा कागद. तेव्हा त्यांना नागपूरचं वसतिगृह आठवलं. खरं तर ते आठवू नये म्हणूनच त्या इतकी वर्षं शिरोरेषा सरळ ठेवत आल्या होत्या. पहिल्या वर्षाला त्यांना ताप यायचा, रोज दुपारी, आणि खोलीतल्या मुली त्यांचा तांब्या वेगळा ठेवायच्या. त्यांनी बापाला पत्र लिहिलं. बाबा, मले इथी राहवत नाई, अंगात ताप राहतो, येऊन घेऊन जा. घरच्या बोलीत लिहिलं, पण अक्षर कित्त्याचं. श्रावण आला नाही. दिवाळीच्या सुटीत त्या स्वतः गेल्या, तेव्हा अख्ख्या मोहल्ल्याने दारात येऊन त्यांचं कौतुक केलं. पत्र हातोहात फिरलं होतं. बापाने ते चावडीवर दाखवलं, चहाच्या टपरीवर दाखवलं, कुपाच्या ठेकेदाराला दाखवलं. पत्र त्याने कुणाकडून वाचून का नाही घेतलं, हे त्यांनी विचारलं तेव्हा तो गोंधळला. "वाचाले काय होतं त्यात?" तो म्हणाला. "इतकं चांगलं लिवते ते पोरगी सुखातच असन ना वं." त्याच्या आवाजात कपट नव्हतं. त्याने चार पावलं मागे सरून, डोळे बारीक करून ते पत्र पाहिलं होतं, आणि एकही वेलांटी लंगडत नव्हती. बाईंना आता बाकावर बसल्या बसल्या वाटलं, की सगळं चंद्रपूर तेव्हापासून त्याच चार पावलांवर उभं आहे. कुणी पुढे सरकतच नाही. आणि आपण तरी? भिंतीपाशी आपल्याला आधी काय दिसलं? त्र दिसला.

त्यांनी दुसरा कागद काढला आणि वाईट लिहायचं ठरवलं. ज्याला वाचावंच लागेल असं वाईट. मुद्दाम अक्षरं चिरडली, शिरोरेषा तोडली, वेलांटी उलटी दिली. जे झालं त्याकडे बघून शेजारची एक म्हातारी म्हणाली, "काय नक्षी काढता वं माय!" बाईंनी तो कागद चुरगळला. मग पेन डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताने 'सत्यशीला' लिहायला बराच वेळ लागला. स डगमगला, त्य खाली घसरला, शी आणि ला एकमेकांना धडकले. त्या बघत राहिल्या. हे अक्षर त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं. प्रौढांच्या रात्रवर्गात जाऊन श्रावण सही शिकला होता, शेवटी शेवटी, आणि त्याची सही अशीच होती, काठीवर काठी पडल्यासारखी. ती सही लपवण्यासाठीच तर हा एवढा उजवा हात घडवला गेला होता. असला कागद साहेबापुढे गेला तर पहिल्यांदा काय होईल, हे त्यांना श्रावणाइतकंच ठाऊक होतं. चांगलं लिहिलं तर पाहतात, वाईट लिहिलं तर फेकतात. मधली एक गोष्ट असते, वाचणं, ती कुठल्या अक्षराने घडते? त्यांनी डाव्या हाताचा कागद फाडला नाही, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि तो तिथे घामाने भिजत राहिला.

कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या आडोशाखाली पत्रू टायपिस्ट बसायचा. स्टँडवरून उठून बाईंनी हरकत त्याच्यापुढे ठेवली, वर मंडळाचं नाव खोडून शिक्षण खात्याचं घातलं. पत्रूने कागदाकडे पाहिलं आणि कौतुकाचा एक शब्दही न काढता मशीनच्या चिमटीत लावला. त्याला दिवसाकाठी इतकी माणसं भेटत, की अक्षर चांगलं आहे की वाईट हे पाहायला सवड नव्हती. त्याला फक्त पुढचा शब्द हवा असे. आणि तो शब्द तो मोठ्याने उच्चारून ठोकायचा, तशी सवयच होती. "मी... अभिनंदन... केलेले... नाही," पत्रू ओरडला. बाजूला नक्कल घ्यायला थांबलेले दोन शेतकरी वळले.

"कायचं अभिनंदन?" एकाने विचारलं.

"एकवीस... वर्षे... सेवा... होऊनही," पत्रू.

"एकवीस वर्स! आन जागा कोनाले देल्ली?"

"बोरकुटेले," पत्रूने न थांबता सांगितलं.

"कोन बोरकुटे? जावई असन कोनाचा."

"भाचा," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मंग बराबर," दुसरा म्हणाला. "आन हे बाई गप बसली का इतके दिवस?"

"गप कुठी हाये? हे काय, लिहून राह्यली ना!"

बाईंच्या कानशिलातून घाम उतरत होता. आपलं म्हणणं परक्या माणसाच्या तोंडून, भर रस्त्यात, कोंबडं बाजारात विकायला काढावं तसं ओरडून सांगितलं जात होतं, आणि लोक ऐकत होते, विचारत होते, पुढे काय म्हणून थांबत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कागदाला कुणी 'मग?' म्हटलं होतं. पत्रूने कागद खेचून काढला. कागद भयंकर दिसत होता. ख फुटून र आणि व वेगळे झालेले, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर पडलेले, 'रद्द'चा पाय मोडका. एकही ओळ सरळ नव्हती. बाईंनी तो दोनदा वाचला आणि त्यांना तो स्वच्छ, अगदी स्वच्छ कळला. आपल्यावर अन्याय झाला आहे, हे त्यांना जणू तिथे पहिल्यांदा समजलं.

"सही करा," पत्रू म्हणाला. त्यांनी सही केली. पत्रूने तेव्हा कुठे मान वर केली, सहीकडे पाहिलं, शेतकऱ्यांनाही दाखवली. "बाई," तो म्हणाला, "सही मात्र मस्त हाये हो तुमची." दोघे शेतकरी वाकून पाहू लागले, आणि मघाचा विषय तिथेच राहिला.

जूनमध्ये शाळा उघडली. बोरकुटे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसला. तो बाईंना रोज आधी नमस्कार करायचा आणि मुलींना सांगायचा की अक्षर काढावं तर मेश्रामबाईंसारखं. बाईंनी फळ्यावर तारीख लिहायचं सोडलं, ते काम वर्गातल्या मुलींवर टाकलं. नानाजींकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत, पण बाईत लागलेले कागद गावोगाव येतच होते. पोळ्याच्या बैलांच्या सजावटीची स्पर्धा, हरवलेल्या म्हशीची जाहिरात, एका उपसरपंचाचा वाढदिवस. प्रत्येकात त्यांचा न, तसाच, त्याच थरथरीसह. त्या टपाल येण्याच्या वेळी ओसरीत उभ्या राहत. मुलींना वाटे, बाईंना पावसात उभं राहायला आवडतं. आत वर्गात पाढे चालू असत, छपरातून गळणारं पाणी बादलीत पडत असे, आणि बाईंच्या मनात पत्रूच्या आवाजात एकेक शब्द ओरडला जाई. कुठल्या तरी टेबलावर कुणीतरी तो मोडक्या पायाचा कागद वाचत असेल. वाचण्याशिवाय त्यात करण्यासारखं काही नव्हतंच.

पोळा होऊन गेल्यावर खात्याचं उत्तर आलं. टंकलिखित होतं, फिक्या फितीवरचं, चार ओळींचं. बाईंनी ते ओसरीतच फोडलं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या सरळ वाचत गेल्या. त्यांची हरकत पूर्ण वाचण्यात आली होती. तारीख, सेवेची वर्षं, ठसे, सगळ्याचा उल्लेख बरोबर होता. शेवटी लिहिलं होतं, की सदर शाळेच्या वर्गसंख्येनुसार तेथे मुख्याध्यापकाचे पद मंजूर नाही व यापूर्वीही नव्हते, सबब हरकतीचा प्रश्न उद्भवत नाही.